आउटलुकचा शॉर्टकट उघडेना म्हणून ९०,२४९ रुपये गेले

उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. पुण्याच्या गिऱ्हाइकाला संध्याकाळच्या आत कोटेशन जायला हवं होतं आणि डेस्कटॉपवरचा आउटलुकचा (ई-मेलच्या प्रोग्रामचा) शॉर्टकट काही केल्या उघडेना. इंटरनेटवर हेल्पलाइन शोधली, सगळ्यात वर दिसला तो नंबर लावला. ती पैसे भरून दिलेली जाहिरात होती. हेल्पलाइनचा नंबर असा कधीच शोधू नका.

फोन उचलणारा भामटा निघाला. पुढचा प्रकार नेहमीचाच. लांबून आपला कॉम्प्युटर चालवता येतो असं रिमोट ॲप, "सरजी, सरजी", मग इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (विंडोजच्या नोंदवहीतल्या) लाल खुणा दाखवून "पूरा सिस्टम हॅक है." तसल्या खुणा धडधाकट कॉम्प्युटरवरही असतात! २,४९९ रुपये मी नेट बँकिंगने भरले. बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह होता. तुमचा असेल तर आजच काढा.

मग तो भामटा म्हणाला, मेल सिंक करायला तेच ॲप फोनवरही घ्या. इथंच! बिघाड टेबलावरच्या कॉम्प्युटरात, मग माझ्या फोनशी ह्याचं काय काम? एवढं एक वाक्य तोंडातून निघालं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. अजून रात्री जाग आली की तेच डोक्यात फिरतं. पण कोटेशनची घाई, स्पीकरवर त्याची बडबड, लेथवरून कामगाराच्या हाका. आता जो तो विचारतो, "ओटीपी दिलास कशाला?" मी ओटीपी कुणालाही सांगितला नाही. फोनचा स्क्रीनच त्याला दिसत होता, विचारायची गरज काय?

४९,००० गेल्याचा मेसेज आला तशी कॉम्प्युटरची वायर उपटली आणि बायकोच्या फोनवरून बँकेला कळवलं. तक्रार नंबर मिळाला. त्यानंतर आणखी ३८,७५० गेले! माझ्या फोनवरचं ॲप चालूच होतं. अशा वेळी आधी फोनचं नेट बंद करा. पण खातं गोठवा म्हणून सांगितल्यावर पैसे जातातच कसे? कळवल्यानंतरचं नुकसान बँकेनं सोसायचं, असा रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ पासूनचा नियम आहे. मॅनेजरचं मात्र एकच पालुपद, "ॲप तुम्हीच घेतलंत."

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पोलीस ठाण्यात गेलो तर "सायबरला जा", सायबर पोलिसांकडे गेलो तर "ठाण्यातून पत्र आणा". स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का नाही म्हणून परत पाठवलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते. हे बोललो तर म्हणाले, "वकील आहात काय?" लुटलेल्या माणसाशी बोलायची ही रीत? करदाते आहोत आम्ही!

आणि बिघाड काय निघाला? आउटलुक ज्यात येतं त्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसची ३२ बिटची आवृत्ती काढून भाच्यानं ६४ बिटची टाकली होती. प्रोग्रामचं फोल्डर बदललं, शॉर्टकटमध्ये जुनाच पत्ता राहिला. स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की आउटलुक उघडत होतं. जुना शॉर्टकट काढून नवा केला, संपलं काम.

बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही. तक्रार नंबर आणि दुसऱ्या मेसेजची वेळ, दोन्हीची प्रिंट काढून ठेवली आहे. ते ३८,७५० मी सोडणार नाही.