एईएम एक्स-सिरीज वाइडबँड: मीटर चोख, अर्थिंग मात्र नीट द्या

एईएमचा ३०-०३०० हा एक्स-सिरीजमधला वाइडबँड मीटर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा आणि पेट्रोलचं प्रमाण, म्हणजे एएफआर, दाखवणारा) ट्यूनिंगसाठी घ्यावा का? घ्यावा. ५२ मिमीचा गोल डिस्प्ले, सोबत बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर, सायलेन्सरच्या पाइपवर वेल्ड करायचा बंग (सेन्सर बसवायची आट्यांची कडी) आणि हार्नेस एवढं खोक्यात मिळतं. ईसीयूकडे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडे, माहिती पाठवायला अॅनालॉग (व्होल्टेजच्या रूपात) आणि कॅन (डिजिटल) असे दोन्ही मार्ग आहेत. मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करत बसावं लागत नाही, कारण कारखान्यात जुळवलेला रेझिस्टर सेन्सरच्या कनेक्टरमध्येच बसवलेला असतो. सेन्सरमधून वायरी पाच निघतात आणि कनेक्टरला पिना सहा दिसतात, ते त्यामुळेच. तो कनेक्टर कापून दुसरा लावला की जुळवणी गेली. केबल आखूड पडत असेल तर तयार एक्स्टेन्शन घ्या, सेन्सरच्या वायरींना जोड देऊ नका.

आता खरा मुद्दा. "मीटर एक दाखवतो, लॅपटॉप दुसरंच" ही वाइडबँडची नेहमीची तक्रार. तिथे सेन्सरला दोष देण्याआधी अर्थिंग, म्हणजे ग्राउंडची जोडणी, तपासा. अॅनालॉग आउटपुटला प्लस आणि मायनस अशा दोन स्वतंत्र वायरी आहेत. मायनस ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडवरच जायला हवी. मीटरच्या पॉवरची काळी वायर वेगळी. ती जिथे ईसीयूचे पॉवर अर्थ बसवलेत त्याच ठिकाणी, रंग खरवडून घट्ट लग मारून लावावी. पुष्कळदा मायनस मोकळी सोडतात किंवा डॅशबोर्डमागच्या कुठल्यातरी स्क्रूला बांधतात. मग रेडिएटरचा पंखा फिरला, हेडलाइट लागले की बॉडीच्या त्या जागेचा व्होल्टेज किंचित वर सरकतो आणि आउटपुट त्याच्याबरोबर हलतं. या मीटरच्या स्केलवर ०.१ व्होल्टचा फरक म्हणजे जवळजवळ पाव एएफआर. फुल थ्रॉटलला टर्बो इंजिनसाठी पाव एएफआर ही थोडी गोष्ट नाही.

तपासणी पाच मिनिटांची आहे. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा आणि मीटरवरचा आकडा व ईसीयूच्या लॉगमधला आकडा शेजारी ठेवून पाहा. मग हेडलाइट, एसी, पंखा एकेक करून चालू करा. दोन आकड्यांमधलं अंतर लोडबरोबर बदललं तर अर्थिंग चुकलंय. अंतर आहे पण लोडने हलत नाही, तर स्केल, म्हणजे व्होल्टवरून एएफआर काढायचं सूत्र, चुकलंय. ईसीयूत कॅनची सोय असेल तर सरळ कॅनच जोडा. आकडा डिजिटल जातो, हा सगळा घोळच उरत नाही.

स्केलची चूक तर फारच सर्रास होते. एक्स-सिरीजचं सूत्र असं: एएफआर = २.३७५ × व्होल्ट + ७.३१२५. म्हणजे ०.५ व्होल्टला ८.५ आणि ४.५ व्होल्टला १८. याच कंपनीच्या जुन्या ३०-४११० मीटरचं सूत्र मात्र २ × व्होल्ट + १०. सॉफ्टवेअरच्या यादीत नुसतं "एईएम" दिसलं म्हणून जुनं निवडलं, तर ३.११ व्होल्टला खरे १४.७ असताना ईसीयू १६.२ समजतो. ऑटोट्यून (ईसीयूने स्वतःच पेट्रोल जुळवणं) चालू असेल तर तो उगाच पेट्रोल वाढवत जातो.

पॉवरसाठी बॅटरीवरून रिले टाका, त्यावर १० अँपिअरचा फ्यूज द्या आणि रिलेला ट्रिगर इग्निशनचा घ्या. म्युझिक सिस्टिमच्या वायरीतून फाटा काढू नका. सेन्सर आतून सुमारे ७८० अंश सेल्सिअसला चालतो. व्होल्टेज अपुरा पडला तर हीटर तिथवर पोचत नाही.

सेन्सर लवकर का मरतात, याची कारणं ठरलेली आहेत. हीटर तापलेला असताना पाइपातल्या पाण्याचा थेंब उडाला की सिरॅमिकला तडा जातो. म्हणून सेन्सर पाइपच्या वरच्या अर्ध्या भागात, आडव्यापेक्षा किमान १० अंश वर कलता बसवा. उलट सेन्सर पाइपात ठेवून पॉवर बंद केली आणि गाडी चालवली, तर काजळी बसून तो जातो. गाडी धावणार असेल तेव्हा वाइडबँड चालूच हवा. नाहीतर काढून बंगला प्लग लावा. सिलिकॉन गॅस्केट पेस्टची वाफ आणि शिसं असलेलं रेसिंग पेट्रोल हेही सेन्सरचे शत्रू. टर्बो गाडीत सेन्सर टर्बोच्या पुढे, सायलेन्सरच्या बाजूला बसवायचा. टर्बोच्या आधीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये दाब जास्त असतो, त्यामुळे रिच (पेट्रोल जास्त) असेल तर आणखी रिच आणि लीन (पेट्रोल कमी) असेल तर आणखी लीन दिसतं; शिवाय तिथली उष्णता सेन्सरला सोसत नाही. त्याच्या षटकोनी भागाची मर्यादा सुमारे ६०० अंश आहे. बसवताना ४० ते ६० न्यूटन-मीटर टॉर्क पुरे.

मीटर लीन दाखवतोय म्हणून लगेच पेट्रोल वाढवू नका. आधी सेन्सरच्या अलीकडचे एक्झॉस्टचे जोड पाहा. बारीक गळतीतून हवा आत ओढली जाते आणि मीटर ती इमानदारीने मोजतो. मिसफायरचंही तसंच: न जळलेलं पेट्रोल नव्हे, उरलेला ऑक्सिजन दिसतो.

आपल्याकडच्या पंपांवर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्यामुळे हे ध्यानात ठेवा की त्याचं रासायनिक संतुलन साधारण १३.५ ला येतं. मीटर मात्र पेट्रोलचं स्केल धरून त्याच जागी १४.७ लिहितो. मोजमाप बरोबरच असतं, कारण सेन्सर लॅम्बडा (प्रत्यक्ष प्रमाण भागिले त्या इंधनाचं संतुलित प्रमाण) ओळखतो. ईसीयूचं टार्गेट टेबल लॅम्बडात ठेवलं की इंधन बदललं तरी हिशेब तोच राहतो.

ज्यांना डॅशवर मीटर नको आणि कंपनीच्या नॅरोबँड सेन्सरची (फक्त रिच की लीन एवढंच सांगणाऱ्या) जागा वाइडबँडनेच भरायची आहे, त्यांना इनोव्हेटचा एलसी-२ जास्त सोयीचा, कारण त्याचं दुसरं आउटपुट नॅरोबँडसारखं चालतं. फक्त त्याला मोकळ्या हवेतलं कॅलिब्रेशन वेळोवेळी द्यावं लागतं. बदली सेन्सर कुठेही घ्या, पण अंगावर ०२५८०१७०२५ हा बॉशचा नंबर आहे ना ते बघून, आणि फारच स्वस्त मिळाला तर न घेता.