पावासाठी राखलेले पीठ की पाकिटातले यीस्ट?

घरी पाव करू लागलेल्याला लवकरच ठरवावे लागते की दर खेपेला पाकिटातले कोरडे यीस्ट घ्यायचे, की मागच्या खेपेच्या पिठातला एक गोळा राखून त्यावर पुढचे पीठ फुगवायचे. कारखान्यातले यीस्ट मिळू लागण्यापूर्वी युरोपातले पाववाले बिअर करणाऱ्यांकडून यीस्टचा फेस आणत आणि गोव्यात पोई या पावाच्या पिठात माडाची सूर, म्हणजे आंबलेली माडी, घालत. म्हणजे आधीच्या आंबवणातून पुढचे आंबवण करणे हीच जुनी रीत आहे. सोलापुरात मात्र ही निवड चवीपेक्षा हवेवर आणि तुम्ही किती वेळा पाव करता यावर करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाकिटातल्या यीस्टचा गुण म्हणजे भरवसा. 500 ग्रॅम मैद्याला 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट पुरते आणि 27-28 अंशांत पीठ तास-दीड तासात दुप्पट होते. फोडलेले पाकीट मात्र हवाबंद डब्यात, फ्रिजमध्येच ठेवावे.

राखलेल्या गोळ्याचे काम संथ आहे, पण पावाला जो मंद आंबूस वास आणि चिवट, जाळीदार पोत येतो तो ताज्या यीस्टने तासाभरात येत नाही. पाव वळण्यापूर्वी 100 ग्रॅम पीठ काढून झाकणाच्या डब्यात, वर फुगायला जागा सोडून, फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत वापरावे. दूध घातलेल्या पिठाचा गोळा मी राखत नाही. यीस्ट न घालता केवळ या गोळ्यावर पीठ फुगायला चार-पाच तास सहज लागतात. शिवाय प्रत्येक खेपेबरोबर गोळ्यात आंबटपणा आणणारे जिवाणू वाढत जातात, त्यामुळे तोच वारसा अखंड चालवला तर चव बदलत जाते.

उन्हाळ्यात हे फार झपाट्याने घडते. एका वैशाखात, पारा चाळिशीपार असताना, गोळा दुपारभर ओट्यावर राहिला. झाकण उघडताच नेलपॉलिशसारखा उग्र वास आला आणि बोटाने ओढलेले पीठ न ताणता ओल्या कागदासारखे तुटले. आंबटपणा वाढला की मैद्यातला चिवटपणा मोडतो, आणि असे पीठ नव्या मैद्यात मिसळले तर पाव बसका होतो. ते टाकून देणेच योग्य. गुलाबी किंवा नारिंगी छटा दिसली तर चाखूनही पाहू नये.

एक दिवसाआड भट्टी लावणाऱ्याने गोळा अवश्य राखावा. आठवड्यातून एकदाच पाव करणाऱ्याने पाकिटावरच राहावे. चवीची ओढ असेल तर आदल्या रात्री 100 ग्रॅम मैदा, 60 मिलिलीटर पाणी आणि चिमूटभर यीस्ट मळून फ्रिजमध्ये ठेवावे, आणि सकाळी ते 400 ग्रॅम मैद्यात, 3 ग्रॅम यीस्टसह घालावे. चैत्रापासून पाऊस येईपर्यंत तर मी हाच मार्ग धरतो, आणि मळण्याचे पाणीही माठातले न घेता बर्फाचे घेतो.