दुपारच्या फेरीला गोल्फ कार्ट पुरवायच्या तर लेड-ॲसिड की लिथियम?

रविवारी सकाळी कार्ट पुरतात, ओढाताण सुरू होते अकरानंतर. पहिल्या फेरीच्या गाड्या बॅटरी अर्धी उतरून परततात आणि पुढचे गट टी-ऑफजवळ, म्हणजे खेळ सुरू होतो तिथे, ताटकळतात. नव्या गाड्यांची कोटेशन मागवण्याआधी शेडमधल्या बॅटऱ्यांकडे बघावं.

लेड-ॲसिडचं मला खटकतं ते एकच: मधल्या वेळेत ती धड चार्ज होत नाही. रिकामा सेट भरायला ८ ते १० तास लागतात, आणि शेवटच्या टप्प्यात करंट उतरत गेल्याने काम आणखी रेंगाळतं. तासभर लावून काढली तर तेवढ्यापुरतं भागतं. रोज असं अर्धवट केलं की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, क्षमता घटते. मग खारघरसारख्या डोंगरालगतच्या मैदानावर चढाला व्होल्टेज कोसळतं, गाडी बसते आणि तिला ओढून आणायला दुसरी पाठवावी लागते. रांगेच्या हिशेबातून दोन्ही गेल्या.

पाण्याचीही कटकट आहेच. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर घालायचं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, तेही त्या बुडतील इतकंच. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड उतू जातं आणि ट्रे गंजतो. पावसाळ्यात तर टर्मिनल बघवत नाहीत. पूर्ण चार्जनंतर हायड्रोमीटरवर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली दिसला, तर ती बॅटरी अख्ख्या सेटला मागे खेचतेय. पण जुन्या सेटमध्ये एकच कोरी बसवली तर तीही लवकर थकते.

लिथियम, म्हणजे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), योग्य चार्जरवर साधारण ३-४ तासांत भरते आणि अर्धवट चार्जिंगने तिचं बिघडत नाही. जेवणाच्या वेळेत प्लग लावला की दुपारच्या ९ होलची सोय होते. वजन शंभरेक किलोने उतरतं, ओल्या गवतावर चाकोऱ्याही कमी उठतात. मात्र जुना व्होल्टमीटर काढून बीएमएसशी (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) जोडलेला टक्केवारीचा मीटर बसवावाच. एलएफपीचं व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत सपाट राहतं, मग बीएमएस कट मारतो आणि गाडी जागच्या जागी उभी. चार्जरही नवा लागतो: १६ सेलच्या पॅकला कमाल ५८.४ व्होल्ट, जुन्याचा इक्वलायझिंग चार्ज, म्हणजे सगळे सेल सारखे करायला दिलेला जादा चार्ज, त्याच्या वर जातो. २५ अँपिअरचा चार्जर सुमारे दीड किलोवॅट ओढतो. आठ एकदम लावले की बारा, तेव्हा महावितरणचा मंजूर भार आधी तपासा.

लिथियमचा सुरुवातीचा खर्च जड आहे, आणि लेड-ॲसिडला भंगारातही भाव येतो. गाडी दिवसातून एकदाच निघत असेल तर जुनंच ठेवा. तीच गाडी दोनदा फिरवायची असेल, तर माझा कल लिथियमकडे. सगळा ताफा एकदम बदलायलाच हवा असं नाही. पहाटेच्या स्लॉटला जाणाऱ्या गाड्या आधी घ्याव्यात, कारण दुपारी त्याच पुन्हा लागतात. तोवर दोन्ही चार्जरचे प्लग मुळातच वेगळ्या आकाराचे ठेवा. रंगीत पट्ट्या घाईत कुणी बघत नाही.