जुन्या मोजणीच्या नकला: टिपण हातात आल्यापासूनचा अनुभव

बांधाचा वाद असो, भावकीत वाटप करायचं असो की नवीन जमीन घ्यायची असो, सातबारा आणि आठ-अ बघून थांबू नका. मूळ मोजणीच्या नकला काढा. आमच्या जमिनीच्या अशा नकलांचा संच गेले कित्येक महिने मी वापरतोय. त्यातलं काय कामाला आलं, काय नुसतं फायलीत पडून आहे आणि वाचताना कुठे अडतं, ते इथे सविस्तर लिहितो.

जमीन पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यात आहे. प्रश्न उत्तरेच्या बांधाचा. आमचे थोरले चुलते सांगत की बांध ओढ्यापर्यंत सरळ जायचा. शेजारच्या शेतातले तात्या म्हणत, "सरळ कुठला, मध्ये मोड होता. माझ्या वडिलांच्या पायाखालचा आहे तो." दोघंही सत्तरी ओलांडलेले, दोघांनाही खोटं बोलायचं कारण नाही. सातबाऱ्यावर याचं उत्तर मिळत नाही, कारण त्यावर क्षेत्र असतं, आकारणी असते, नाव असतं, पण शेताची आकृती नसते. ती टिपणात, म्हणजे शेत मोजताना काढलेल्या आकृतीच्या आणि मापांच्या नोंदीत असते.

भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून टिपण, गुणाकार बुकाचं पान (टिपणातल्या मापांवरून केलेला क्षेत्राचा हिशेब), प्रतवारीचं पान (मातीचा दर्जा), आकारबंद (क्षेत्र आणि आकारणीची नोंद), फाळणी नकाशा (पोटहिश्श्यांचा), एकत्रीकरणाचं योजना पत्रक (जुने सर्व्हे नंबर आणि नवे गट नंबर जोडणारं), गटबुकाचं पान (गटाची आकृती) आणि गाव नकाशा अशा नकला घेतल्या. तहसीलच्या दप्तरातले जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार वेगळे काढले. यात सगळ्यात मोलाचं कोणतं, असं विचारलंत तर बेलाशक टिपण. बाकीचे कागद त्याच्या आधाराने उभे आहेत.

हे कागद का तयार झाले ते कळलं की वाचणं सोपं जातं. पेशवाई गेल्यावर इंग्रजांना शेतसारा ठरवायचा होता. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने १८२७ नंतर केलेली पहिली पाहणी फसली, सारा डोईजड झाला आणि माणसं गावं सोडून जाऊ लागली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी करून १८३६ पासून नवे दर लावले. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीचे नियम पक्के झाले. प्रत्येक शेताला नंबर, हद्दीला दगड आणि वरंबे, आणि ३० वर्षांसाठी ठरलेला सारा. ती मुदत संपल्यावर फेरपाहणी झाली. म्हणून एकाच जमिनीचे दोन पिढ्यांचे कागद सापडू शकतात, आणि दोन्हीतले नंबर एकच असतील असं नाही. नकलेचा अर्ज करताना पहिल्या पाहणीचं टिपण हवं की फेरपाहणीचं, हे स्पष्ट लिहा. दोन्ही मिळत असतील तर दोन्ही घ्या.

आता टिपण कसं दिसतं ते सांगतो. पहिल्यांदा हातात येतं तेव्हा लहान मुलाने काढल्यासारखी वेडीवाकडी आकृती दिसते, आत काही आडव्या-उभ्या रेघा आणि भरपूर आकडे. ही आकृती स्केलवर काढलेली नसते. नकाशा म्हणून तिच्यावर पट्टी ठेवून मोजायला जाऊ नका. खरा ऐवज आकड्यांत आहे. शेताच्या मधून एक आधाररेषा टाकलेली असते, त्या रेषेवर कुठे थांबून बाजूच्या कोपऱ्यापर्यंत किती लंब टाकला ते लिहिलेलं असतं. असं करत सगळं शेत त्रिकोणांत आणि समलंब चौकोनांत तोडलेलं असतं. शेजारच्या सर्व्हे नंबरांचे आकडेही कडेने दिलेले असतात.

मापं साखळी आणि आण्यांत आहेत. ही साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंच. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. हिशेब इतका सुटसुटीत आहे की एकदा समजला की कॅल्क्युलेटर बाजूला राहतो. आमच्या टिपणात एका त्रिकोणाचा पाया १४ साखळी ८ आणे आणि लंब ६ साखळी ४ आणे आहे. साडेचौदा गुणिले सव्वासहा, त्याचं निम्मं: ४५ गुंठे ५ आणे (गुंठ्याचेही १६ आणे धरतात). म्हणजे १ एकर ५ गुंठे ५ आणे. गुणाकार बुकाच्या पानावर त्या तुकड्यासमोर नेमका हाच आकडा होता. बैलगाडीच्या जमान्यात, उन्हातान्हात साखळी ओढत केलेलं काम आज माझ्या वहीत आण्यापर्यंत जुळतं, हे बघून मला त्या अनाम मोजणीदारांविषयी फार आदर वाटला.

आकडे वाचताना एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. जुन्या लिखाणात पाव, अर्धा आणि पाऊण हे उभ्या रेघांनी दाखवतात. एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण. चौदापुढे दोन उभ्या रेघा दिसल्या तर ते साडेचौदा. घाईत वाचणारा त्यांना अकरा समजतो आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो. शंका आली की गुणाकार बुकाशी पडताळा. हे पान टिपणासोबत मागायलाच हवं ते यासाठीच. टिपणातला एखादा आकडा पुसट असेल तर गुणाकारावरून तो उलट काढता येतो. आमच्या टिपणाच्या घडीवर एक आकडा पूर्ण गेला होता, तो असाच मिळाला.

मजकूर मोडी लिपीत आहे. आकडे आणि सर्व्हे नंबर थोड्या सरावाने लागतात, पण 'दक्षिणेस ओढा', 'पूर्वेस गाडीवाट' अशा ओळी आणि कब्जेदारांची नावं स्वतःच्या बळावर लागत नाहीत. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि लिहिणाऱ्याचा हात जलद असला की अक्षरं एकमेकांत वाहत जातात. जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि ते मूळ नकलेच्या बाजूला ठेवून ओळीनं ओळ तपासा. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. घरातल्या कुणा तरुण मुलाने किंवा मुलीने तो वर्ग केला तर कुटुंबाचं मोठं काम होईल. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये गावोगावची जुनी दप्तरं उघडली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती चणचण आहे ते सगळ्यांनीच पाहिलं.

प्रतवारीचं पान मी केवळ कुतूहलाने घेतलं होतं. हद्दीच्या कामाला त्याचा उपयोग शून्य. पण शेतकरी म्हणून मला सगळ्यात जास्त काही दिलं असेल तर या पानाने. पाहणीच्या वेळी शेताचे खाने पाडून प्रत्येक खान्यात जमीन खणून खोली बघत. संयुक्त अहवालाच्या नियमांत मातीचे तीन प्रकार आणि एकूण नऊ प्रती आहेत. पावणेदोन हात खोल, एकसारखी काळी जमीन सोळा आण्यांची, आणि तिथून उतरत उतरत अगदी उथळ, भरड जमीन दोन आण्यांपर्यंत. चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणं अशा दोषांना वेगवेगळ्या खुणा. आमच्या शेताच्या नैऋत्येच्या कोपऱ्यातल्या खान्याला प्रत बरीच खालची दिली आहे आणि चुनखडीची खूण आहे. त्याच कोपऱ्यात आजही हरभरा पिवळा पडतो. आम्ही वर्षानुवर्षं तिथे जास्तीचं खत टाकत आलो. यंदा तिथे माती परीक्षण करून घेतलं आणि पीकच बदललं. ज्यांना जमीन कसायची आहे, त्यांनी हे पान जरूर काढावं.

सगळ्यात किचकट भाग म्हणजे नंबरांची साखळी जुळवणं. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावागावांत सर्व्हे नंबरांचे गट झाले. आज सातबाऱ्यावर गट नंबर आहे, टिपणावर सर्व्हे नंबर, फाळणीवर पोटहिश्श्याचा नंबर. या तिघांना जोडणारा दुवा म्हणजे योजना पत्रक आणि त्यासोबतचा जबाब. ते नसेल तर तुम्ही दुसऱ्याच्याच शेताचं टिपण घेऊन बसाल. शिवाय एकत्रीकरणाच्या वेळी सगळीकडे शेतावर जाऊन नव्याने मोजणी झालेली नाही. बऱ्याच ठिकाणी जुन्या कागदांवरून गट बसवले गेले, म्हणून गटबुकातली आकृती आणि जागेवरचा कब्जा यांत फरक निघतो. आमच्याकडेही थोडा निघाला. गटबुक आणि टिपण यांत तफावत दिसली तर ती लिहून ठेवा, गप्प बसू नका. योजनेतली चूक दुरुस्त करण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम ३२ मध्ये आहे.

मध्येच एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर. जुनं क्षेत्र या हिशेबाने बदलून आजच्या सातबाऱ्याशी ताडून बघा, आणि बघताना पोटखराबा (लागवडीला न येणारं क्षेत्र) मिळवायला विसरू नका. क्षेत्र कमी झालं म्हणून आरडाओरडा होतो आणि निम्म्या वेळा फरक पोटखराब्याचाच असतो.

नकलेच्या दर्जाबद्दल लिहिणं भाग आहे. एका कार्यालयातून आलेल्या पहिल्या नकलेत डाव्या कडेचे आकडे कापले गेले होते, कारण वहीची शिवण त्या बाजूला होती. परत अर्ज केला, वही जास्त उघडून प्रत काढून द्यावी असं लिहून दिलं, तेव्हा नीट मिळाली. नकला ताब्यात घेताना खिडकीवरच चारही कडा बघा. शिक्का, सही, तारीख आणि 'प्रमाणित नक्कल' हे शब्द आहेत का ते बघा. कोर्टात आणि अपिलात अशीच प्रत लागते, मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही. दुसरं, टिपणाची झेरॉक्स लहान-मोठी झाली तरी बिघडत नाही, कारण मापं लिहिलेली आहेत. फाळणी नकाशा आणि गाव नकाशा मात्र स्केलवर असतात. झेरॉक्स यंत्राने कागदात बसवण्यासाठी आकृती थोडी आखडली की पट्टीने काढलेलं प्रत्येक माप चुकतं. अशा नकाशावर एखादी माहीत असलेली लांबी आधी तपासा, मगच बाकीचं मोजा.

तहसीलचे जुने फेरफार आणि हस्तलिखित सातबारे 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर बघता येतात. नोंदणी करून कार्यालय, गाव, अभिलेखाचा प्रकार आणि नंबर टाकायचा, पान कार्टमध्ये घ्यायचं, मग डाउनलोड सारांशात फाईल उपलब्ध झाली की उघडायची. पणजोबांच्या नावाचा वारस फेरफार रात्री घरी बसून वाचता आला, याचं समाधान शब्दांत सांगता येणार नाही. शोधताना गट नंबरासोबत जुना सर्व्हे नंबरही टाकून बघा. एकत्रीकरणाच्या आधीची पानं जुन्याच नंबराखाली असतात.

इतर भागांतल्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की हा संच मुंबई इलाख्यातल्या गावांचा आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तिथले कागद वेगळे. तिथे खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक मागा. विदर्भात अधिकार अभिलेख विचारा. कोकणात खोती गावांचं बोटखत (खोत आणि कुळांच्या जमिनींची जुनी नोंद) महत्त्वाचं.

आणि आमचा बांध? टिपणात ओढ्याकडच्या दगडापासून आधाररेषेवर ९ साखळी ४ आणे गेल्यावर १ साखळी २ आण्यांचा लंब दाखवला आहे. म्हणजे साधारण ९३ मीटर चालून सव्वाअकरा मीटर बाजूला कोपरा. मोड होता. तात्यांचं बरोबर होतं. पण त्यांच्या सध्याच्या बांधावरचा मोड ओढ्यापासून बराच लांब आहे, टिपणातला त्याहून ओढ्याच्या जवळ. त्यांच्या सर्व्हे नंबराचंही टिपण काढलं, कारण सामाईक हद्द दोन्ही टिपणांत येते. दोन्हीकडे तोच कोपरा दिसला. टेप धरायला एका टोकाला तात्यांचा नातू होता, दुसऱ्या टोकाला मी, आणि चुलते बांधावर उभे राहून आकडे लिहून घेत होते.

टेपने मोजलेलं स्वतःच्या समजुतीपुरतं. हद्द कायम करण्यासाठीची सरकारी मोजणी भूकरमापक करतो. दोन्ही घरांनी मिळून मोजणीचा अर्ज केला आहे आणि त्याला दोन्ही टिपणांच्या नकला, गुणाकाराची पानं आणि योजना पत्रक जोडलं आहे. हद्दीचा आधार म्हणून टिपणातली मापं विचारात घ्यावीत, असं अर्जात वेगळ्या ओळीत लिहिलं आहे. मोजणीच्या दिवशी भूकरमापकाला दाखवायला मोडीचं लिप्यंतर आणि साखळी-आण्यांचं मीटरमध्ये केलेलं कोष्टक तयार ठेवलं आहे.