जुनी इलेक्ट्रिक एसयूव्ही : मोठी बॅटरी ठणठणीत, अडवलं ते बारक्या बॅटरीनं

गेल्या जुलैतला रविवार. जोतिबाचं दर्शन करून आम्ही पार्किंगला आलो. आईच्या पदराला आणि पोरांच्या कपाळाला गुलाल, वर बारीक पाऊस लागून राहिलेला. रिमोट दाबला तर गाडी गप्प. ना कुलूप उघडलं, ना इंडिकेटर लागला. तासाभरापूर्वी गाडी लावली तेव्हा पडद्यावर ६७ टक्के चार्ज दिसत होता. म्हणजे पुण्याच्या दिशेनं साताऱ्यापर्यंत जाता येईल एवढा जीव गाडीत होता आणि दार उघडत नव्हतं.

रिमोटच्या पोटात लोखंडी किल्ली असते, तिनं ड्रायव्हरचं दार उघडलं. आईला आत बसवलं, बॉनेट उघडलं आणि मल्टिमीटर लावला. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ९.४ व्होल्ट. शेजारी वडापची जीप उभी होती, तिचा ड्रायव्हर छत्री घेऊन आला. म्हणाला, "अण्णा, हिच्यात येवढी मोठी बॅटरी हाय न्हवं? मग बंद कशी पडली?"

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि जुनी इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला त्याचं उत्तर माहीत असायला हवं. माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरी पुन्हा बांधायचं दुकान आहे, म्हणून आमच्याच भाषेत सांगतो. गाडीची मोठी बॅटरी सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास असते. गाडी बंद केली की सुरक्षेसाठी ती बाकीच्या गाडीपासून तोडली जाते. तोडायला-जोडायला कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे मोठे स्विच असतात, कारखान्याच्या स्टार्टर पॅनेलमध्ये असतात त्याच जातीचे. त्यांची कॉइल ओढायला बारकी १२ व्होल्टची बॅटरी लागते. दाराचं कुलूप, पडदा, गाडीतले सगळे छोटे कॉम्प्युटर तिच्यावरच जागे होतात. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असून उपयोग नाही. पेट्रोल गाडीत सेल्फ जड फिरायला लागतो, आठ दिवस आधी कळतं. इथं सेल्फच नाही, त्यामुळं पूर्वसूचनाही नाही. रात्री चालली, सकाळी मेली.

वडापवाल्यानं जंपर वायर दिली. दोन मिनिटांत गाडी 'रेडी' झाली, मीटरवर १३.९ व्होल्ट दिसायला लागले. म्हणजे मोठ्या बॅटरीतून बारकीला चार्ज देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर ठीक होता. दोष निघाला आधीच्या मालकानं बसवलेल्या डॅशकॅमचा. त्याची वायर सरळ बॅटरीवर जोडलेली, गाडी बंद असतानाही तो करंट ओढत होता. त्यात बॅटरी तीन वर्षांची. दुसऱ्या दिवशी नवी घातली, डॅशकॅम काढून टाकला. तेव्हापासून तक्रार नाही.

आता गाडीविषयी. मार्च २०२५मध्ये घेतली, पुणे पासिंग, ऑगस्ट २०२२ची, ५८,००० किलोमीटर चाललेली, साडेनऊ लाखांना. बॅटरी ४० युनिटची, लिक्विड कूलिंगची. पाच माणसं आणि डिकीत दोन मोठ्या बॅगा आरामात बसतात. आजवर १९,००० किलोमीटर चालवली. कंपनीचं आणि सर्व्हिस सेंटरचं नाव मी घेत नाही, कारण मला कुणाचा हिशेब चुकता करायचा नाही. यातलं बहुतेक कुठल्याही कंपनीच्या जुन्या इलेक्ट्रिक गाडीला लागू पडतं.

घ्यायच्या आधी ओळखीतला प्रत्येक जण एकच सांगत होता, बॅटरी गेली तर गाडी भंगार. मलाही तीच धास्ती होती. म्हणून सौदा करताना एक अट घातली, गाडी एक रात्र माझ्या घरी चार्ज करायची. चार्जरच्या लाइनला एक सबमीटर जोडला. २० टक्क्यांवरून १०० टक्के व्हायला ३४ युनिट लागले. घरच्या चार्जिंगमध्ये दहा-बारा टक्के वीज उष्णतेत जाते, ती वजा केली तर बॅटरीत तीस युनिट गेले. ऐंशी टक्क्यांना तीस, म्हणजे पूर्ण बॅटरी साडेसदतीसची. ४०ची साडेसदतीस. ५८,००० किलोमीटरनंतर एवढी घट मला मान्य होती. सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवरही बॅटरीची तब्येत ९३ टक्के आली. आकडे जुळले तेव्हाच टोकन दिलं.

फक्त पडद्यावरच्या 'रेंज'वर, म्हणजे अजून किती किलोमीटर जाईल त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो आकडा मागच्या काही किलोमीटरच्या चालवण्यावरून बदलतो. आणि गाडी एकदा तरी १५ टक्क्यांच्या खाली नेऊन बघा. बॅटरीतले सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक जरी कमजोर असला तरी सगळी बॅटरी त्याच्याच चालीनं चालते आणि मग २० टक्के दाखवता दाखवता आकडा धाडकन ११वर येतो. अशी गाडी कितीही स्वस्त असू दे, मी हात लावणार नाही.

खरा मनस्ताप मला बॅटरीनं दिला नाही, ऑनबोर्ड चार्जरनं दिला. घरची वीज एसी (दिशा बदलत राहणारी), बॅटरी घेते डीसी (एकाच दिशेची). मधला बदल करणारा डबा गाडीतच असतो. जूनमध्ये एका रात्री प्लग लावला, क्लिक झालं, पाच सेकंदांनी लाल दिवा. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पहिला संशय घरच्या अर्थिंगवर घेतला आणि तो निम्मा खरा ठरला. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये ११ व्होल्ट दिसत होते, तिथं दोन-तीनच्या वर असायला नको. आमचं घर मंगळवार पेठेतलं जुनं, अर्थिंगचा खड्डा वडिलांच्या काळातला, कोरडा पडलेला. नवा खड्डा खणला, तांब्याची प्लेट, कोळसा, मीठ, सगळं रीतसर केलं. ११चे दीड व्होल्ट झाले. लाल दिवा तरीही गेला नाही.

मग हायवेवरच्या फास्ट चार्जरला नेली. तिथं मुकाट्यानं चार्ज झाली. इथं दोष पकडला गेला, कारण फास्ट चार्जर डीसीच देतो, गाडीतला डबा मधे येतच नाही. घरी चार्ज होत नाही आणि बाहेर होते म्हटल्यावर डबा गेलेला. म्हणून जुनी गाडी बघायला जाल तेव्हा दोन्ही ठिकाणी प्लग लावून बघा. विकणारे बहुतेकदा फास्ट चार्जरवर भरून आणतात आणि तेवढंच दाखवतात.

सर्व्हिस सेंटरला गाडी १९ दिवस उभी होती. पार्ट मागवलाय, पार्ट निघालाय, पार्ट आलाय पण प्रोग्रॅमिंगचा माणूस नाही, रोज नवं उत्तर. याचा मला खरंच राग आला आणि अजून आहे. माझ्या दुकानात शेतकऱ्याची पाणबुडी मोटर आली की ऊस वाळतोय हे मला माहीत असतं, मी रात्र जागून बांधून देतो. इथं गाडीवर आईचं दर पंधरवड्याचं डॉक्टरकडं जाणं अवलंबून होतं, आणि फोन केल्याशिवाय कुणी एक निरोप दिला नाही. वॉरंटीचे शेवटचे दोन महिने शिल्लक होते म्हणून पैसे लागले नाहीत. वॉरंटीबाहेर असतो तर एक लाख दहा हजार, असं तिथल्याच माणसानं सांगितलं.

वॉरंटीचा कागद नीट वाचा, हे मी कळकळीनं सांगतो. बॅटरीला साधारण ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर मिळतात, ते सगळे तोंडपाठ सांगतात. ऑनबोर्ड चार्जर, डीसी-डीसी कन्व्हर्टर, गाडी गार करणाऱ्या एसीचा कॉम्प्रेसर त्यात येतात का, हे कुणी सांगत नाही. माझ्या गाडीत ते ३ वर्षांच्या साध्या वॉरंटीत होते. शिवाय काही कंपन्यांची बॅटरीची वाढीव वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते. दुसऱ्या मालकाला काय मिळतं ते लेखी घ्या, तोंडी नको.

एसीचा विषय निघालाय तर एक प्रसंग सांगतो, कारण हे मला स्वतःला आधी ठाऊक नव्हतं. मे महिन्यात पुण्याहून येताना कराडजवळ चार्जिंगला थांबलो. साठ किलोवॉटचं मशीन, गाडी घेत होती १४. मशीन खराब म्हणून पुढच्या पंपावर गेलो, तिथंही १४. पाऊण तासाचं काम दोन तासांवर गेलं, पोरं उकाड्यानं कावली. आतला एसी जेमतेम गार करत होता, पण मे महिना आहे म्हणून मी त्याकडं लक्ष दिलं नाही. घरी आल्यावर तपासलं तर एसीचा गॅस निम्म्याहून कमी. या गाड्यांत बॅटरीचं कूलंट गार करायचं कामही एसीच करतो. गॅस कमी, बॅटरी तापलेली, म्हणून गाडीनं स्वतःच चार्जिंग आवळलं होतं. पाइपाचं एक रबरी ओ-रिंग बदलून गॅस भरला, २,८०० रुपये. पुढच्या खेपेला त्याच मशीनवर ४६ किलोवॉट मिळाले. जुनी गाडी बघताना एसी पूर्ण जोरात लावून दहा मिनिटं बसा आणि हात जाळीपुढं धरा, तो बॅटरीच्या तब्येतीचाही भाग आहे.

सस्पेन्शनचं, म्हणजे गाडीच्या खालचं काम आपल्याकडच्या रस्त्यांवर निघणारच. बॅटरीमुळं गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा दोन-अडीचशे किलो जड असते. स्पीडब्रेकरवर पुढून टक् टक् यायचं, दोन्ही लिंक रॉड आणि बुश बदलले. पुढचे टायरही लवकर संपले, कारण पिकअप एकदम येतो आणि सगळा जोर पुढच्या चाकांवर. ब्रेकचं मात्र उलटं. पन्हाळ्याला जाताना चढाला १२-१३ टक्के बॅटरी जाते, उतरताना मोटरच गाडी धरते आणि दोन-तीन टक्क्यांत खाली येतो. ब्रेक पॅड झिजतच नाहीत, पण वापर नसल्यानं पावसाळ्यात डिस्क गंजतात आणि कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकतात. मागच्या उजव्या चाकाची पिन अशीच जाम झालेली निघाली. दर पावसाळ्यानंतर खोलून ग्रीस करा, दोन तासांचं काम आहे. आणि बॅटरी १०० टक्के भरून घाट उतरू नका, भरलेल्या बॅटरीत परत वीज घालायला जागा नसते, त्यामुळं मोटर धरत नाही आणि सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो.

पुराविषयी कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. २०१९ आणि २०२१चा पंचगंगेचा महापूर आपण बघितलाय. पुरानंतर माझ्या दुकानात मोटरींची रांग लागते. चिखल धुऊन, ओव्हनमध्ये सुकवून, मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर, आकडा एक मेगओहमच्या वर आल्याशिवाय मी मोटर परत देत नाही. गाडीची बॅटरी अशी सुकवता येत नाही. पॅक सीलबंद असतो, पण कनेक्टरमध्ये ओल शिरली की इन्सुलेशन फॉल्ट (वीज बाहेर झिरपतेय असा इशारा) दाखवून गाडी सुरूच होत नाही, आणि तो फॉल्ट पावसात येतो, उन्हात जातो. म्हणून पुण्याला गाडी बघायला गेलो तेव्हा डिकीतली चटई उचलून स्टेपनीच्या खोबणीत बोट फिरवलं, सीटखालच्या रुळांचे स्क्रू बघितले, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. बेल्टचा शेवटचा वीतभर भाग कधी कुणी धुत नाही, पाणी शिरलं असेल तर मातीची रेघ तिथंच राहते. त्याआधी बघितलेल्या एका गाडीत ती सापडली. बेसमेंटला लावायचो, एवढंच मालक बोलला. मी परत फिरलो. मोठ्या बॅटरीच्या जास्त व्होल्टच्या नारंगी केबलला मात्र कुणीही, इलेक्ट्रिशियन असला तरी, हात लावू नये. मीही लावत नाही. ते शिकलेल्या माणसाचं काम आहे.

एवढं होऊनही गाडी मला आवडते. महिन्याला १,२०० किलोमीटर होतात, घरच्या मीटरवर दोनशेच्या आसपास युनिट. आईचे गुडघे दुखतात, तिला या गाडीत धक्का आणि आवाज कमी म्हणून बरं वाटतं. पण आज तीच गाडी, तेवढेच किलोमीटर, आणि कंपनीची साधी वॉरंटी संपलेली असेल, तर मी साडेनऊ देणार नाही. ऑनबोर्ड चार्जरचा एक लाख दहा हजारांचा धोका आणि नवी १२ व्होल्टची बॅटरी मी किमतीतूनच वजा करीन, आठ लाखांवर बोली सुरू करीन, आणि मालकाला म्हणेन, एक रात्र गाडी माझ्या घरी चार्जिंगला लावा.