जर्मनीत पीआरवर राहावं की पासपोर्ट घ्यावा?

जर्मनीत चार-पाच वर्षं काढलेल्या मराठी घरांत जेवणं झाली की एक प्रश्न हमखास निघतो: "अर्ज केलास का?" म्हणजे नागरिकत्वाचा. 27 जून 2024 पासून इथला कायदा बदलला. आठ वर्षांची अट पाचावर आली आणि मूळ नागरिकत्व सोडायची सक्ती जर्मनीने काढून टाकली. आपल्याला त्यातला पहिला भागच उपयोगी पडतो. भारताच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 आहे तसंच आहे: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. तीन वर्षांत नागरिकत्व देणारी खास तरतूद 2025 च्या ऑक्टोबरअखेर रद्द झाली, त्यामुळे आता आपल्यातल्या बहुतेकांचा हिशेब पाच वर्षांचाच.

तेव्हा पर्याय दोन. नीडरलासुंग्सएरलाउबनिस, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, आपण ज्याला पीआर म्हणतो ते घेऊन भारतीय पासपोर्टवर राहायचं. किंवा जर्मन पासपोर्ट घ्यायचा आणि भारतासाठी ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देतं ते कार्ड, काढायचं.

पीआरबद्दल फार बोलायला नको, कारण ते घ्यावं की नाही हा प्रश्नच नाही. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर असाल तर ए-वन या प्राथमिक पातळीच्या जर्मन भाषेवर 27 महिन्यांत, त्यावरची बी-वन पातळी असेल तर 21 महिन्यांत मिळतं. शुल्क साधारण 113 युरो. नोकरी गेली तरी व्हिसाची टांगती तलवार राहत नाही, कंपनी बदलताना कुणाची परवानगी लागत नाही. पात्र झालात त्या आठवड्यात टर्मिन, म्हणजे कार्यालयातल्या भेटीची वेळ, मागा. नागरिकत्वाचा अर्ज पुढे कितीही रेंगाळला तरी पाय जमिनीवर असतात.

खरा विचार त्यापुढचा.

आई-वडिलांकडे राहायला जायचं असेल तर

माझं मत इथेच फिरलं, म्हणून आधी हे. भारतीय पासपोर्ट ठेवला तर भारतात परतायची वाट मोकळी राहते, असं मला वर्षानुवर्षं वाटत होतं. मग वडील अंथरुणाला खिळले आणि सहा-आठ महिने नाशिकला जाऊन राहावं लागेल अशी वेळ आली. तेव्हा पीआरच्या अटी नीट वाचल्या. सर्वसाधारण पीआरवर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त जर्मनीबाहेर राहिलात तर ते संपतं. आधी अर्ज करून मुदत वाढवून घेता येते, पण ती देणं न देणं कार्यालयाच्या हातात. युरोपीय संघाचं दीर्घकालीन पीआर, म्हणजे डाउअरआउफएन्टहाल्ट-ईयू, थोडं सैल आहे: संघाबाहेर बारा महिने, आणि पूर्वी ब्लू कार्ड असलेल्यांना 24 महिने चालतात. नेहमीचं पीआर हातात असलं तरी पाच वर्षं झाली की हेही मागून घ्यावं. 109 युरोंत दोन वर्षांची मुभा मिळते, आणि ब्लू कार्डवरून आलेल्या आपल्या कित्येकांना ती माहीतच नसते.

जर्मन पासपोर्टवाल्याला हे दिवस मोजावेच लागत नाहीत. ओसीआय हा आयुष्यभराचा व्हिसा आहे. भारतात कितीही काळ राहा, पोलिसांत किंवा एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाकडे, नोंद करायची गरज नाही, आणि पाच वर्षांनी परत आलात तरी जर्मनीचं दार उघडं. म्हणजे ज्याला आई-वडिलांच्या उशाशी बसायचं आहे, त्याला भारताचं नागरिकत्व सोडून जास्त मोकळीक मिळते. हे ऐकायला विचित्र वाटतं, पचवायला मला बराच वेळ लागला, पण कागदावर तसंच आहे.

शेत असेल तर

ज्यांच्या नावाने गुंठाभरही सातबारा नाही, त्यांनी हा भाग सोडून द्यावा. बाकीच्यांनी सावकाश वाचावा.

परदेशात राहत असताना शेतजमिनीच्या बाबतीत भारतीय पासपोर्टवाला अनिवासी आणि ओसीआयवाला यांच्यात फारसा फरक नाही. दोघांनाही शेतजमीन विकत घेता येत नाही. बक्षीसपत्रानेही नाही. "जमीन तुझ्या नावावर करून टाकतो" असं वडील प्रेमाने म्हणतात, तेव्हा हे त्यांना समजावून सांगावं लागतं. वारसाहक्काने मात्र दोघांनाही मिळते आणि ठेवता येते.

फरक पडतो कायमचं परतल्यावर. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. भारतीय नागरिक परत येऊन इथला रहिवासी झाला आणि सातबाऱ्यावर त्याचं नाव असलं, तर त्याला शेजारचा एकर घेता येतो. ओसीआयवाल्याला खरेदी बंदच. पन्नाशीत गावी जाऊन शेती वाढवायची असं ज्याच्या मनात पक्कं आहे, त्याने पासपोर्ट सोडू नये. माझ्या मते पासपोर्ट न सोडण्याचं हे सर्वांत ठोस कारण आहे.

फ्लॅट, बँक खातं, म्युच्युअल फंड यांत दोन्हींकडे जवळपास सारखंच. आधारचं तेवढं वेगळं: भारतीय पासपोर्टवाल्या अनिवासीला भारतात आल्यावर लगेच काढता येतं, ओसीआयवाल्याला आधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं.

नावाचा घोळ

दोन्ही वाटांवर सर्वांत जास्त श्रम इथे जातात. आपलं नाव तीन खणांचं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. भारतीय पासपोर्टवर मधलं नाव बहुधा पहिल्या नावाच्याच रकान्यात बसतं. जर्मन कार्यालय मग ते तुमचं दुसरं पहिलं नाव समजतं. माझ्या एका मैत्रिणीच्या वीजबिलापासून मुलाच्या जन्मदाखल्यापर्यंत सगळीकडे तिच्या सासरेबुवांनाही ओळखू न येणारं नाव लागलं आहे.

जर्मन नागरिक होताना नाव जर्मन पद्धतीला जुळवून घ्यायची संधी मिळते, मधलं नाव गाळता येतं. सोय वाटते, पण घाई करू नका. पॅनवर तीन खणी नाव, सातबाऱ्यावर मराठीत तीन खणी नाव आणि पासपोर्टवर दोनच खण असे झालात, तर पुढे प्रत्येक टेबलावर प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना हा त्रास दुप्पट होतो. मी तर म्हणेन, आहे तेच नाव पुढे चालवा.

जन्मदाखल्याचंही तसंच. भारत 2005 मध्ये अपोस्टीलच्या, म्हणजे कागदपत्र खरं असल्याच्या आंतरराष्ट्रीय शिक्क्याच्या, करारात आला, पण जर्मनीने भारताबाबत आक्षेप नोंदवला. त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयातून आणलेलं अपोस्टील इथे पुरत नाही. मूल जन्मलं किंवा लग्न नोंदवायचं असलं, की कार्यालय वकिलामार्फत तुमच्या गावच्या दप्तरात खातरजमा करवून घेऊ शकतं. खर्च तुमचा, आणि त्यात महिने जातात. आमच्या वेळी ग्रामपंचायतीच्या नोंदीत आईचं माहेरचं नाव पडलं होतं, तेवढ्यावर सगळं अडलं. नागरिकत्वाच्या अर्जालाही काही ठिकाणी हीच तपासणी लागते, काही ठिकाणी दाखल्याचं शपथेवरचं भाषांतर चालतं. आधी विचारा.

मधले आठवडे

पीआरवर राहण्याचा रोजचा त्रास एवढाच, की भारतीय पासपोर्ट नवा झाला की पीआरचं कार्डही नवं करावं लागतं. मतदान इथे नाही, नगरपालिकेचंही नाही. भारतातलं मत 6-अ अर्ज भरून टिकवता येतं, पण त्यासाठी स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं.

नागरिकत्वाच्या अटी कठीण नाहीत: बी-वन, 33 प्रश्नांच्या परीक्षेत 17 बरोबर, स्वतःच्या कमाईवर घर चालणं, 255 युरो. कठीण आहे ती वाट पाहणं. तीन महिने काहीच हालचाल झाली नाही तर प्रशासकीय न्यायालयात दाद मागता येते, आणि लोक मागतात.

पण मी ज्याची भीती बाळगतो ते नंतरचं आहे. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात पडतं त्या क्षणी भारतीय पासपोर्ट निरुपयोगी होतो, पीआरचं कार्डही परत द्यावं लागतं. जर्मन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट जमा केल्याचा दाखला, मग ओसीआय, हे एकामागून एक होतं. मधल्या काळात घरून फोन आला तर? जुन्या पासपोर्टवर प्रवास केलात तर दंड होतो. म्हणून प्रमाणपत्राची तारीख आली की त्याच दिवशी एक्स्प्रेस पासपोर्टचा अर्ज करा, आणि भारतीय पासपोर्ट जमा करायची कागदपत्रं आधीच तयार ठेवा.

ओसीआयबद्दल एक गोष्ट मनात स्पष्ट असावी. नागरिकत्व हा हक्क आहे, ओसीआय ही सरकारने दिलेली सवलत. 2021 च्या अधिसूचनेने पत्रकारिता, संशोधन अशा कामांना आधी परवानगी लावली. उद्या आणखी काही लागू शकतं. परत भारतीय व्हायचं झालं तर ओसीआयला पाच वर्षं होऊन त्यातलं शेवटचं वर्ष भारतात राहावं लागतं, आणि जर्मन पासपोर्ट सोडावा लागतो.

मुलांच्या बाबतीत मात्र निर्णय आपल्या हातात फारसा नाही. आई किंवा वडील पाच वर्षं इथे कायदेशीर राहिलेले आणि पीआरवर असतील, तर इथे जन्मलेलं मूल जन्मतःच जर्मन ठरतं. धाकटीचा पासपोर्ट आमच्याआधी लाल झाला.

मी अर्ज करणार आहे, पण दिवाळीनंतर. आधी गावी जाऊन तलाठ्याकडे वडिलांच्या वारसांची नोंद करायची आहे, बहिणीचं नाव तिच्या लग्नाआधीच्या आणि नंतरच्या दोन्ही नावांनी फेरफारात घालून घ्यायचं आहे. मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित केला आणि माझं तीन खणी नाव सातबाऱ्यावर उमटलं, की त्या उताऱ्याची प्रत घेऊन परत येईन आणि मग टर्मिन मागेन.