एअर रायफलचा वर्ग: पोरीच्या हातात आधी दोरी दिली

कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ घेतलं आणि आमच्या लेकीनं धोशा लावला. कोल्हापुरातच, घराजवळच्या रेंजवर नाव घातलं. पहिला आठवडा एकही छर्रा नाही! नळीतून आरपार जाणारी, रायफल रिकामी आहे हे दाखवणारी नारिंगी सेफ्टी दोरी घालायची-काढायची, नळी कायम टार्गेटकडे, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. रिकामी असली तरी भरलेलीच समजायची. पोरगी वैतागली, मला मात्र हेच पटलं. सर ओरडत नाहीत. नळी जरा भलतीकडे वळली की त्या दिवसाचा सराव बंद, मग बाप नगरसेवक का असेना.

दहा मीटरवरून अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका गाठायचा, म्हणजे दहा गुण. घरी अभ्यासाला पाच मिनिटं न टिकणारी बया तिथं पुतळ्यागत उभी राहते.

छर्रे शिशाचे, म्हणून हात धुतल्याशिवाय खाण्याचा डबा उघडू देत नाहीत. पण बेसिनवर साबण कधीच नसतो, घरून द्या. भाड्याच्या जॅकेटला घामाचा वास, आणि पालकांना बसायला एकच बाकडं. बॅच संध्याकाळची घ्या, सकाळी पोरांची रांग लागते.